त्र्याण्णव इम्प्रेशन

"पाणी इकतोस व्हय रं तानाजी?"

सुगंधाकाकूंनी बाबांच्या हातातली व्हॉल्व्हची चावी धरली होती आणि सोडत नव्हत्या. चावी म्हणजे खिशातली नव्हे. पुरुषभर उंचीची लोखंडी सळई, वर आडवा दांडा. ती जमिनीतल्या खड्ड्यात घालायची, दोन्ही हातांनी फिरवायची, मग तालीम गल्लीला पाणी सुटतं. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला काकू, आणि भोवती रिकाम्या घागरी घेतलेल्या पंधरा-वीस बायका.

शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. मी आठवीत होते. कोपऱ्यावरून वळले आणि सायकलचा ब्रेक असा दाबला की मागचं चाक उचललं.

"काकू, सोडा. पाणी सोडू दे, मग बोला," बाबा म्हणाले. बाबांचा आवाज कधी चढत नाही. त्याचा मला तेव्हा संताप यायचा.

"आधी सांग. यळ कुणाला इकलीस? बंगलेवाल्यांना आदल्या दिशी कळतंय, टँकरवाल्यास्नी कळतंय, आणि आमी काय फोनकडं बघत बसायचं?"

"मी कुणाला काही विकत नाही."

"मग पोरीला गेरची सायकल कुठनं आली?" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या.

माझी सायकल जांभळी होती. एकवीस गिअरची. गल्लीत तशी दुसरी नव्हती, आणि हे मी आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले होते.

"ओ, माझ्या बाबांना काय बोलताय?" मी सायकल तिथंच आडवी टाकली. "एकोणीस वर्षं पहाटे उठून पाणी सोडतात ते! ताप असला तरी! तुम्हाला लाज वाटत नाही?"

"स्वरा, घराकडं जा," बाबा म्हणाले.

"का जाऊ? ह्या काय वाट्टेल ते..."

"जा म्हटलं ना."

सुगंधाकाकू माझ्याकडे बघत होत्या. त्या आमच्याच गल्लीतल्या, चार घरं सोडून. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायच्या. मी लहान असताना तिथल्या उरलेल्या शंकरपाळ्या ओच्यात बांधून आणायच्या माझ्यासाठी. आज मात्र डोळे असे होते की शंकरपाळ्याच काय, माझं नावही त्यांना आठवत नसेल.

"माझं काम गेलं, पोरी," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या यळेपायी."

मग त्यांनी चावी सोडली.

---

तुम्हाला आधी साइटचं सांगायला पाहिजे.

आमच्या बोरखडकला चौथ्या दिवशी पाणी येतं. येतं ते कधी पहाटे, कधी सकाळी, कधी भर दुपारी. नदीवरची मोटर किती चालली आणि टाकी किती भरली त्यावर ते ठरतं. आदल्या दिवशी दुपारी चारला टाकीवरचा माणूस बाबांना उद्याची वेळ सांगतो. पण ती लोकांना कळायची काही सोय नव्हती. बाबा काय करायचे, पाणी सोडायच्या अर्धा तास आधी चावीनं कोपऱ्यावरचा विजेचा खांब वाजवायचे. टण् टण् टण्, तीनदा. तेवढं ऐकलं की बायका घागरी घासायला घ्यायच्या.

डिसेंबरात मी साइट काढली. 'पाणी कधी?' असं नाव. विक्रांतदादानं शिकवलं. तो माझा चुलतभाऊ, बातम्यांचं पोर्टल चालवतो, झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे. बाबा चारला मला व्हॉइस मेसेज करायचे, मी पाच मिनिटांत साइटवर टाकायची. वॉर्ड सात, तालीम गल्ली, उद्या सकाळी सहा दहा. झालं! अख्ख्या गावाला आदल्या दिवशी कळायचं. शाळेत बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याआधी वर्गात माझं नावसुद्धा निम्म्यांना माहीत नव्हतं, आणि आता मी वर्गात शिरले की "ए पाणी कधी?" म्हणून ओरडायचे. मला इतकं आवडायचं ते, काय सांगू.

जानेवारीत मीच बाबांना म्हटलं, "आता खांब कशाला वाजवताय? साइट आहे की."

बाबा हसले. टाकीवरच्या माणसाला म्हणाले, "आमच्या स्वरानं सगळं कंप्युटरवर घातलंय." आणि दुसऱ्या दिवसापासून खांब वाजवायचे बंद झाले.

दादानं साइटवर जाहिराती लावल्या, त्याच्या खात्यावरून, कारण माझं वय बसत नव्हतं. एका पानावर तीन. जाहिरात कुणाच्या पडद्यावर एकदा उमटली की ते एक इम्प्रेशन. कुणी ती वाचो न वाचो, तिच्यावर बोट ठेवो न ठेवो, नुसती उमटली की मोजली. हजार इम्प्रेशनला चाळीस रुपये. कंपनीचा कमाईचा रिपोर्ट केव्हाही उघडून बघता यायचा. तारीख, इम्प्रेशन, अंदाजित कमाई, वर रंगीत आलेख. दादानं तो माझ्या फोनवरही जोडून दिला होता. मी प्रगतिपुस्तकसुद्धा एवढं बघितलं नसेल तेवढा तो रिपोर्ट बघायची.

जानेवारीत दिवसाला पन्नास रुपये पडत होते. मार्चमध्ये एकेका दिवसाला चारशे. त्यातून सायकल आली.

फेब्रुवारीपासून साइटवर वेळ उशिरा यायला लागली होती. चारला नाही, सहाला. मग आठला. मग दहाला. तोपर्यंत पानावर एकच ओळ असायची, 'वेळ थोड्याच वेळात कळेल.' लोक पान उघडायचे, बंद करायचे, परत उघडायचे.

---

त्या शनिवारी दुपारी बाबा जेवले नाहीत. नगरपालिकेचा शिपाई लखोटा देऊन गेला होता. आईनं तो देव्हाऱ्यात ठेवला, जणू तिथं ठेवला की मजकूर बदलणार होता. मी तो काढून वाचला. प्रभाग सातच्या महिलांची तक्रार आली आहे, पाणी सोडण्याची वेळ हेतुपुरस्सर दडवून ठेवल्याचा आरोप आहे, सोमवारी सकाळी अकरा वाजता हजर राहून खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.

"कायमच्या यादीत नाव होतं यांचं," आई म्हणाली. "एकोणीस वर्षं रोजंदारीवर काढली. ह्या महिन्यात सही व्हायची होती."

बाबा भिंतीला टेकून बसले होते. "मला कळत नाही. मी रोज चारला सांगतोय. चुकून एक दिवससुद्धा..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू टाकत होतीस ना गं वेळेवर?"

"परीक्षा आली म्हणून दादाला पासवर्ड दिलाय. तुमचा मेसेज आला की लगेच त्याला पुढं पाठवते," मी म्हटलं. हे खरं होतं. "मी विचारून येते त्याला."

मी सायकल नेली नाही. चालत गेले. पायांत इतका राग होता की झेरॉक्सच्या दुकानाचा जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

दादा खुर्चीत मागे रेलून पेरूच्या फोडी खात होता. "ये गं पाणी मंत्री!"

"सोमवारी माझ्याबरोबर नगरपालिकेत चल."

"कशाला?"

"बाबांना काढतायत. बायका म्हणतात त्यांनी वेळ दडवली. तू सांग की बाबा चारलाच सांगत होते आणि साइटवर आपण उशिरा टाकत होतो."

त्यानं फोड तोंडात टाकली, सावकाश चावली. "आणि मग?"

"मग काय? मग बाबा सुटतील!"

"आणि माझं पोर्टल? उद्या गावात झालं की विक्रांतनं पाण्याच्या वेळा दाबून जाहिराती खाल्ल्या, मग मला जाहिरात देतंय कोण? निवडणुका आल्यात, स्वरा. सगळं वर्ष त्यावर असतं माझं."

"बाबांची नोकरी आहे ही!"

"रोजंदारी आहे." तो पुढं वाकला. "आणि ऐक, डोक्यात राख घालू नकोस. रिपोर्ट दाखवलास तर साहेब काय म्हणतील? बाप व्हॉल्व्हवर, पोरगी साइटवर. वेळ सांगायला जेवढा उशीर, तेवढी घरात कमाई. दोघांनी मिळून केलं म्हणतील. वाचायचं तर सोडच, आणखी अडकतील काका. गप्प बस. दोन-चार दिवस बोंब होईल, मिटेल."

"तू चोर आहेस," मी म्हटलं. "एक नंबरचा चोर आहेस तू! बायका पान उघडून उघडून बसल्या आणि तू प्रत्येक उघडण्यावर पैसे घेतलेस. सुगंधाकाकूंचं काम गेलं!"

"हो का?" दादाचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. हसू गेलं. "आणि हे मला शिकवलं कोणी?"

मी टेबलाकडे बघायला लागले.

"बोल की. सात फेब्रुवारीला जिना चढून नाचत कोण आलं होतं? 'दादा बघ, बाबांचा फोन बंद होता, मी नुसतं थोड्याच वेळात कळेल असं टाकलं आणि आलेख बघ कुठं गेला!' कोण म्हणालं होतं, 'रोज असं केलं तर?' मी तर बातम्या टाकणारा माणूस. मला हे सुचलंही नसतं बाई. 'थोड्याच वेळात' ही ओळ तुझी आहे. मी फक्त तुझी परीक्षा आली म्हणून पुढं चालवली."

पेरूच्या फोडी. टेबलावर मीठ सांडलेलं. खाली झेरॉक्सचं यंत्र खडखडत होतं. हे सगळं मला अजून स्पष्ट दिसतं, कारण मी त्याच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.

खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं. त्या दिवशी मी खरंच नाचत गेले होते. कुणालाही न सुचलेलं मला सुचलं होतं, आणि दादा म्हणाला होता, "हुशार आहेस," आणि ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आठव्या इयत्तेतली मुलगी आणि कंपनीचा आलेख वर नेते! मार्चभर मीच थांबायची. बाबांचा आवाज फोनवर येऊन पडलेला असायचा, "सहा दहा गं स्वरा, टाक," आणि मी घड्याळाकडे बघत बसायची. अजून अर्धा तास. अजून एक तास. आकडा चढतोय, चढू दे.

"बोल," दादा म्हणाला. "आता कोण चोर?"

मी टेबलावरची ताटली उचलून भिंतीवर मारली. प्लॅस्टिकची होती. फुटलीसुद्धा नाही.

---

रविवारी बाबा मागच्या दारी चावीच्या दांड्याला ग्रीस लावत होते. कामावरून काढणार म्हणून लखोटा आला तरी हा माणूस ग्रीस लावतो. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. सात फेब्रुवारीपासून. काही गाळलं नाही. सायकलसकट.

बाबांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी फडक्यानं हात पुसले, एकेक बोट.

"म्हणजे मी चारला सांगायचो."

"हो."

"आणि तू ऐकायचीस."

"हो."

"आणि गल्ली दहापर्यंत वाट बघायची."

मी मान हलवली.

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, शप्पथ. त्यांनी दांडा भिंतीला लावून ठेवला आणि म्हणाले, "सोमवारी तू काही बोलायचं नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सांगीन की माझ्या हातून राहून गेलं. म्हातारा झालो, विसरलो. काढतील. काढू दे."

"बाबा!"

"तू चौदा वर्षांची आहेस. गावात तुझं नाव झालंय, ते असं झालेलं मला नको."

"पण तुम्ही काही केलेलंच नाही! तुम्ही का खोटं बोलणार? एकोणीस वर्षं..."

"एकोणीस वर्षं माझी आहेत. मी काय करायचं ते करीन."

"आणि मी काय करू? सायकलवरनं शाळेला जाऊ?" मी इतक्या जोरात ओरडले की आई बाहेर आली. "तुम्ही घरी बसायचं आणि मी सायकलवरनं जाऊ? नाही. मी येणार. तुम्ही कोंडून घातलंत तरी कौलं काढून येणार."

"आमची कौलं कुठायत?" आई दारातून म्हणाली. "पत्रा आहे."

बाबांना हसू आलं नाही. मलाही नाही. पण आई आत गेली ती माझा शाळेचा गणवेश इस्त्रीला घेऊनच बसली, आणि बाबांनी ते बघून तोंड फिरवलं. कुणी मला पुन्हा 'येऊ नको' म्हटलं नाही.

---

पाणीपुरवठ्याच्या नाईकवडी साहेबांची खोली लहान होती. साहेब टेबलामागे, बाबा उभे, बाकावर चार बायका. सुगंधाकाकू कडेला. मी दारातून आत गेले तेव्हा साहेब म्हणाले, "शाळा नाही का बाळ?"

"आहे. रजा घेतलीय."

मी टेबलावर कागद ठेवले. जानेवारीपासूनचा कमाईचा रिपोर्ट. आणि वहीच्या पानावर माझ्या हाताने काढलेला तक्ता. बाबांनी मला कोणत्या दिवशी किती वाजता सांगितलं, साइटवर ती वेळ किती वाजता पडली. फोन उघडून बाबांचे आवाज ऐकवले. चार वाजून चार मिनिटं. तीन अठ्ठावन्न. चार सहा. "सहा दहा गं स्वरा, टाक." "उद्या पावणेअकरा, टाक लगेच, बायका खोळंबतात." बाबांचाच आवाज त्या खोलीत घुमत होता, आणि बाबा खाली फरशीकडे बघत होते.

"मग हे उशिरा कोणी टाकलं?" साहेबांनी विचारलं.

"मी. मार्चच्या शेवटापर्यंत मी. त्यानंतर माझा चुलतभाऊ विक्रांत. पण सुचलं मला."

"का?"

मग मला ते समजावून सांगावं लागलं. एक पान, तीन जाहिराती. उमटली की मोजली. वेळ लगेच दिली तर माणूस एकदा बघतो आणि कामाला लागतो. दिली नाही तर बघत राहतो. मी बोट ठेवून दाखवलं. "हा बघा, दहा जानेवारी. चारला टाकलं. बाराशे साठ इम्प्रेशन. आणि हा सतरा एप्रिल. रात्री दहाला टाकलं. अकरा हजार दोनशे एक्केचाळीस."

साहेबांनी चष्मा काढला. "तीस वर्षं नोकरी केली, पण पाण्याचा आणि ह्याचा संबंध लागेल असं कधी वाटलं नव्हतं," ते पुटपुटले. मग बाबांकडे बघून म्हणाले, "गुरव, तुम्हाला माहीत होतं हे?"

बाबा तोंड उघडणार होते. ते काय म्हणणार हे मला कळलं आणि मी त्यांच्याआधी ओरडले, "नव्हतं! त्यांना काल कळलं. मी सांगितलं म्हणून कळलं."

"सतरा एप्रिल," सुगंधाकाकू म्हणाल्या.

त्या बाकावरून उठल्या होत्या. टेबलापाशी आल्या, कागदावर वाकल्या.

"साईट आल्यापासनं मला वसतिगृहात आदल्या दिशी सांजच्या सहापर्यंत सांगावं लागतंय. उद्या कामाच्या यळेला पाणी हाय, मी उशिरा येते, दुसरीला धाडा. सहानंतर चालत नाही. दोनदा माझं चुकलं. मॅडम म्हणाल्या तिसऱ्यांदा चुकलं की येऊ नका." त्या कागदाकडेच बघत बोलत होत्या. "सतरा तारखेला मी चारपासनं फोन घेऊन बसले. माझी पोरगी रेश्मा खडूनं दारावर रेघा मारत होती, आई किती येळा बघतीया म्हणून. एकतीस झाल्या. ते ह्यात हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

"कुठाय?"

मी अकरा हजार दोनशे एक्केचाळीसवर बोट ठेवलं. "ह्यात."

"माझे किती झाले? पैसे."

साहेब म्हणाले, "अहो बाई, ते आता..."

"तिला सांगू द्या. हिशोब येतोय तिला."

मला येत होता. तोच तर येत होता. "एकतीस वेळा, तीन-तीन जाहिराती. त्र्याण्णव इम्प्रेशन. हजाराला चाळीस रुपये." मी कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. "तीन रुपये बहात्तर पैसे."

बाकावरची एक बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली, हसायला की रडायला ते मला कळलं नाही.

"महिन्याला सात हजार मिळत होतं मला तिथं," सुगंधाकाकू म्हणाल्या. "तू घरी आली असतीस तर चार रुपये मीच दिलं असतं की गं."

---

बाबांची नोटीस साहेबांनी तिथंच फाडली. सही मे महिन्यात झाली. दादाला पालिकेचं पत्र गेलं, त्यानं गावाला माझंच नाव सांगितलं, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. शाळेत परत मला ओळखीनासे झाले. ते जाऊ दे. त्याचं मला फार काही नाही.

त्याच सोमवारी पालिकेच्या पायऱ्या उतरताना काकूंनी माझा दंड धरला.

"चल माझ्यासंगं. हितं बोललीस तेच मॅडमपुढं बोल."

मी भर उन्हात त्यांच्याबरोबर वसतिगृहापर्यंत गेले. बोलले सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं. चांगल्या होत्या, पाणीसुद्धा दिलं. मग म्हणाल्या, "सुगंधाबाई, शुक्रवारी दुसरी बाई ठेवली हो मी. तिलाही दोन पोरं आहेत. आता तिला कसं काढू?"

"नका काढू," काकू म्हणाल्या आणि वळल्या.

परतीच्या वाटेवर त्या पुढं आणि मी मागं. तालीम गल्ली आल्यावर थांबल्या.

"आता पाणी कवा?"

"बुधवारी. वेळ उद्या चारला कळेल. साइटवरच्या जाहिराती काढल्यात मी काल. कळलं की लगेच..."

"साईट घाल तिकडं. कळलं की दारात येऊन सांगायचं. मला आणि माझ्या वळीतल्या सहा घरांना."

मंगळवारी चार वाजून सात मिनिटांनी मी सातही दारं वाजवली. बुधवारी सकाळी सहा दहा. काकूंनी मान हलवली. "ये मग बघायला, खरं हाय का."

बुधवारी सहाला मी त्यांच्या दारात उभी होते. सहा दहा झाले. तोटीनं नुसती हवा सोडली. सव्वासहा. मी म्हटलं, "नदीवरची लाइट गेली असेल, काकू, मोटर..."

"मी इचारलं का?"

त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, घागरी तोटीखाली लावलेल्या, कामाला कुठं जायचं नव्हतं. मला शाळेला उशीर होत होता. मी एकदाही फोन काढून बघितला नाही. सहा बत्तीसला पाण्यानं घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि धार लागली. मी पुढं होऊन घागर धरायला गेले.

"हात लावू नको. हुबी राहा तिथं."

सगळी भांडी भरेपर्यंत मी उभी राहिले. शेवटची कळशी झाकून त्या म्हणाल्या, "जा आता. रविवारच्या पाण्याचं शनिवारी सांग."

दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे. काकू एका मंगल कार्यालयात पोळ्या लाटायला जातात, लग्न असेल तेव्हाच काम असतं. पाण्याच्या आदल्या दिवशी चारला मी सातही दारं वाजवते. सहा घरांत मला कधी चहा मिळतो, कधी लाडू मिळतो, एका घरात तर मी त्यांच्या पोराला गणित शिकवते. सातव्या दारात मी वेळ सांगते, काकू ती पुन्हा एकदा म्हणायला लावतात, आणि दार लावून घेतात.